पोटातला घट्टा

"दिवाळी अंकासाठी यंदा काय लिहिताय?" अनारसे तळता तळता सौभाग्यवतीने विचारले.

"लघवीवर लिहितोय." मी म्हणालो.

तिचा झारा कढईवरच थांबला. "अहो, सणासुदीचं काही भान? लोक फराळाची ताटली शेजारी ठेवून अंक वाचतात. तुम्हाला दुसरा विषयच मिळाला नाही का?"

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या मनात हाच प्रश्न आला असेल. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो. हा विषय मी निवडलेला नाही. अकोल्याच्या माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, तो माझ्या गळ्यात घातला आहे. आणि सौभाग्यवतीला जो संकोच वाटला, त्याच संकोचापायी एकदा दादाचा जीव जायची वेळ आली होती. फराळ आधी उरकून घेतलात तरी माझी हरकत नाही. पण लेख मात्र वाचा.

निंबावरून पडला तो दिवस

दादा अमरावतीला आमच्याच घरी राहून शिकला. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मैदान, हा त्याचा नेम. १९१४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने वऱ्हाडातल्या कित्येक पिढ्यांचे दंड घडवले आहेत; त्यांतलाच आमचा दादा. मल्लखांबावर तो चढला की आम्ही धाकटी पोरे तोंडे उघडी टाकून पाहत राहायचो. पुढे तो मूर्तिजापूरकडे आपल्या गावी गेला. थोडी शेती होती, शिवाय शाळेत गणित शिकवू लागला.

२००४ सालचा चैत्र. घरामागच्या कडुनिंबाची एक फांदी छपरावर वाकली होती. ती तोडायला दादा झाडावर चढला. तोडायची फांदी तुटली, पण तिच्याबरोबर पायाखालचीही मोडली. पंधरा-सोळा फुटांवरून तो पाठीवर आदळला. शुद्ध हरपली नव्हती. "माह्ये पाय कुठी गेले?" एवढेच तो पुन्हापुन्हा विचारीत होता.

धावून आलेल्या मंडळींनी जे केले ते प्रेमापोटीच केले. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले आणि सतरंजीची घडी उचलावी तसा त्याला उचलून जीपमध्ये बसवला. असे करू नये, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पाठीवर किंवा मानेवर पडलेल्या माणसाला वाकवायचे नसते आणि बसवायचे तर मुळीच नसते. डोके, मान व पाठ एका रेषेत धरून तिघाचौघांनी मिळून त्याला एखाद्या सपाट फळीवर घ्यायचे असते. दादाच्या मज्जारज्जूला इजा पडल्यामुळे झाली की उचलल्यामुळे, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बेंबीच्या खालचे सारे शरीर त्याला परके झाले. पाय गेले हे सगळ्यांना दिसले. जो आला तो पायांविषयी हळहळून गेला. पण पायांबरोबर लघवीवरचा ताबाही गेला, हे कोणाला दिसले नाही आणि घरातल्यांनी कोणाला सांगितले नाही.

मास्तरांची पिशवी

वर्षभरात दादा आणि वहिनी अकोल्याला जठारपेठेत राहायला आले. चाकाच्या खुर्चीत बसून दादाने गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. व्यायामाने कमावलेले दंड शाबूत होते, डोके तर होतेच होते. पोरे येऊ लागली, मास्तरांचे नाव झाले.

मूत्राशयात कायमची नळी बसवलेली, तिला जोडलेली पिशवी खुर्चीच्या बाजूला, आणि वरून गुडघ्यांवर शाल. मे महिन्यातही शाल! पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या अकोल्यात मास्तर शाल पांघरून बसतात, याचे पोरांना नवल वाटायचे. महिन्याकाठी एक ओळखीचा कंपाउंडर येऊन नळी बदलून जायचा. डॉक्टरांना दाखवणे केव्हाच बंद झाले होते.

आणखी एक गोष्ट दादा करीत असे, ती मला फार उशिरा कळली. शिकवण्या असल्या की तो पाणीच पीत नसे. पाणी प्यायले तर पिशवी भरणार, पिशवी भरली तर पोरांना दिसणार! सकाळी एक पेला आणि मग दुपारपर्यंत नाव नाही. अठरा वर्षे हा क्रम चालला.

२०२२ च्या मे महिन्यात आंब्याची पेटी घेऊन मी अकोल्याला गेलो. दुपारी दादाचा डोळा लागला होता आणि शाल जरा सरकली होती. पिशवीतले पाणी गुलाबी दिसले. मी वहिनींना हळूच विचारले.

"तीन आठवडे झाले, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना म्हटलं तर म्हणतात, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी देते आहे, सब्जा देते आहे. मधे दोन दिवस स्वच्छ होतं, पुन्हा तसंच."

दादा जागा झाल्यावर मी विषय काढला. तो चिडला. "काहून घाबरतं एवढा? उन्हाळ्यात कोणाले नाही लागत उन्हाळी? अन् जाऊन सांगू काय डॉक्टरले? पोरायच्या मायबापायले समजलं तं उद्यापासून शिकवणीले कोण येईन?"

मी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून त्याला अमरावतीला आणले आणि एका मूत्ररोगतज्ज्ञांपुढे उभे, चुकलो, बसते केले.

डॉक्टरांचा एक प्रश्न

डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, उन्हाळी म्हणजे लघवीला जळजळ होणं. बरोबर? तुम्हाला बेंबीखाली काही जाणवत नाही. मग जळजळ कशी समजली?"

गणिताच्या मास्तरांना एका ओळीच्या उदाहरणाने निरुत्तर केलेले मी प्रथमच पाहिले.

"हाच तर धोका आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या आमच्या मूत्राशयात काही बिघडलं तर ते ओरडून सांगतं. यांच्याकडची तार तुटलेली आहे. तिकडून कळ येत नाही. ताप, घाण वास, गढूळपणा, पायांना अचानक येणारे झटके आणि रक्त, एवढ्याच खुणा उरतात. त्यातलं रक्त म्हणजे शेवटची घंटा."

मग त्यांनी कागद ओढला आणि आकृती काढून जे समजावले, ते जमेल तसे येथे सांगतो.

मूत्राशय म्हणजे ओटीपोटातली स्नायूंची पिशवी. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण चारशे ते पाचशे मिलिलिटर लघवी मावते. पिशवी भरत आली की कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या केंद्रातून मेंदूकडे वर्दी जाते आणि मेंदू "थांब" किंवा "आता चालेल" असा हुकूम देतो. मज्जारज्जू तुटला की वर्दीही नाही आणि हुकूमही नाही. काहींचे मूत्राशय मग वेळी-अवेळी आवळते आणि त्याच वेळी खालचे दारही घट्ट बंद होते. आतला दाब वाढतो आणि लघवी उलटी मूत्रपिंडांकडे चढू लागते. काहींचे मूत्राशय अगदीच सैल पडून तुडुंब भरून राहते. दोन्ही तऱ्हा वाईटच.

या पिशवीला आतून एक अस्तर असते. शालूला रेशमी अस्तर असावे तसे, पण कामाला ताडपत्रीसारखे. त्याच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी छत्रीसारख्या पसरलेल्या असतात. लघवीतले क्षार आणि विषारी द्रव्ये परत शरीरात मुरू न देणे हे त्यांचे काम. पिशवी रिकामी असली की अस्तराला घड्या पडतात, भरली की घड्या उलगडतात, पण एक थेंबही झिरपत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांचा मज्जारज्जू छेदून पाहिले, तेव्हा अवघ्या दोन तासांत या छत्र्या मोडू लागल्या होत्या. म्हणजे आघात होतो पाठीवर आणि विस्कटते मूत्राशयाचे अस्तर! ते पुढे पुन्हा उभे राहते खरे. पण नंतर वर्षानुवर्षे त्याच्यावर जे गुदरते, ते याहून कठीण असते.

कायमची नळी आत असली की तिच्यावर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावे तसा. त्यांतले काही जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, त्यामुळे क्षार साकळतात. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. घरातल्या हंड्याला आतून कशी पांढरी पुटे बसतात ते त्यांनी पाहिलेच आहे. तशीच पुटे नळीवर बसतात आणि त्यांचेच पुढे खडे होतात. नळीचे घासणे, खड्यांचे टोचणे, जंतूंचा दाह, हे सारे त्या रेशमी अस्तराला रात्रंदिवस सोसावे लागते. त्यात माणूस पाणी कमी पीत असेल, तर लघवी अधिकच तीव्र होते.

"जिनिंगमध्ये पोती उचलणाऱ्या हमालाचे हात पाहिलेत?" डॉक्टरांनी मला विचारले. "कातडी सतत घासली की तिला घट्टा पडतो. मूत्राशयही तेच करतं. नाजूक अस्तर हळूहळू आपलं रूप पालटून कातडीसारखं जाड होतं. कधी त्यावर पांढरे चट्टे उठतात. मात्र फरक असा, की हाताचा घट्टा हाताला राखतो. हा पोटातला घट्टा कोणालाच राखत नाही. आणि आपला मूळ धंदा सोडलेल्या पेशींपैकी एखादी पुढे वाट चुकू शकते."

वाट चुकणे म्हणजे कर्करोग, हे त्यांनी निराळे सांगितले नाही. आम्हालाही विचारावे लागले नाही.

कोकण ते नाईल

तुकडा काढून तपासायचे ठरले. दुर्बीण आत घालून डॉक्टरांनी पाहिले. दोन खडे सापडले, ते काढले. एका बाजूला पांढरट चट्टा दिसला, त्याचा कण तपासणीला गेला. अहवाल यायला आठ दिवस लागणार होते.

त्या आठ दिवसांत मी डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडले. हा आजार फक्त कण्याची इजा झालेल्यांचाच का? ते म्हणाले, नाही. मूत्राशयाला वर्षानुवर्षे दाह झाला, कारण कोणतेही असो, तर अस्तर याच वाटेने जाऊ शकते. इजिप्तमध्ये नाईलच्या पाण्यात उतरणाऱ्या शेतकऱ्यांच्या मूत्राशयात एका कृमीची अंडी रुतून बसत आणि तिथेही याच कातडीसारख्या जातीचा कर्करोग पुष्कळ आढळत असे. लघवीतून रक्त पाडणारा असा कृमिरोग आपल्या महाराष्ट्रातही सापडला होता. १९५२ साली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात! रोग अगदी निराळा. पण गुलाबी लघवीकडे कोणीतरी गंभीरपणे पाहिले, म्हणून तर त्याचा शोध लागला.

घाबरवून सोडणे हा माझा हेतू नाही. कण्याची इजा झालेल्या बहुतेकांना मूत्राशयाचा कर्करोग होत नाही. पण इतर माणसांच्या मानाने त्यांच्यात तो अधिक आढळतो, कमी वयात आढळतो, आणि बहुधा इजा होऊन दहा किंवा अधिक वर्षे उलटल्यावर आढळतो. कायमची नळी, वारंवारचे जंतू आणि खडे यांनी धोका वाढतो. विडी-सिगारेटने आणखी वाढतो. नळी नसलेलेही पूर्णपणे सुटत नाहीत. अशा प्रत्येकाची दरसाल दुर्बिणीने तपासणी करावी की नाही, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. मात्र रक्त दिसले तर थांबू नये, याबद्दल दुमत नाही.

आठवा दिवस उजाडला. वहिनी पहाटेच अंबादेवीला जाऊन आल्या होत्या. दादा खिडकीपाशी बसून कुठलेसे जुने गणित सोडवीत होता. तेच गणित त्याने तीनदा सोडवले हे मी पाहिले. दुपारी फोन आला. अस्तर बदललेले होते, घट्टा खरा होता. पण कर्करोग नव्हता.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग वहिनींना म्हणाला, "पाणी दे वं एक गिलास." आणि तो पेला त्याने एका दमात रिकामा केला.

स्वच्छ हात आणि घड्याळ

कायमच्या नळीला पर्याय असतो, हे अठरा वर्षांत दादाला कोणी सांगितले नव्हते. त्यानेही कोणाला विचारले नव्हते. दर चार ते सहा तासांनी स्वतःच्या हाताने पातळ नळी घालायची, मूत्राशय पूर्ण रिकामे करायचे आणि नळी काढून टाकायची, अशी ती पद्धत. पूर्वी वाटे, की त्याला शस्त्रक्रियेच्या दालनातली निर्जंतुकता हवी. १९७२ साली अमेरिकेतल्या लॅपिडिस या शल्यविशारदांनी दाखवून दिले, की साबणाने धुतलेले स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरेशी होते. महत्त्व आहे ते मूत्राशय कधीही तुंबू न देण्याला. सगळ्यांनाच हे जमते असे नाही. बोटे चालत नसतील तर निराळा मार्ग शोधावा लागतो, आणि काहींना कायमची नळीच सोयीची पडते. पण तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा असतो, शालीखाली लपून नव्हे.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात मरत, तेही पाठीच्या जखमेने नव्हे, तर शय्याव्रणांनी आणि लघवीच्या जंतुदोषाने. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. मूत्राशय आणि कातडी सांभाळली तर हा माणूस जगतो, एवढेच नव्हे तर खेळतोही, हे त्यांनी सिद्ध केले. १९४८ साली तिथेच त्यांनी सुरू केलेल्या सामन्यांतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आणि १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. खडकीचे जवानांसाठीचे पुनर्वसन केंद्र, मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ साली सुरू झालेली भौतिक चिकित्सा संस्था, अशी ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. जगण्याची विद्या जवळच होती. आडवी आली ती लाज.

मास्तरांची मध्यंतराची सुटी

अकोल्याला परतल्यावर दादाने घड्याळ लावून घेतले. पाणी किती प्यायचे, किती वाजता नळी घालायची, किती मिलिलिटर निघाले, हे सारे तो वहीत मांडतो, गणिताचा माणूस! शाल पेटीत गेली. पण चार तासांच्या शिकवण्यांत मधे उठावे लागणार, त्याचे काय?

पहिल्याच दिवशी त्याने पोरांना सरळ सांगितले, "माह्या पाठीचा कणा मोडेल हाय. मले घड्याळ पाहून लघवीले जा लागते. तवा दहा मिन्टं मध्यंतर." पोरे क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमालेबी जाऊ द्या नं!" सगळे हसले, आणि अठरा वर्षांचे ओझे एका हशात उतरले.

एकही पोर शिकवणी सोडून गेले नाही. उलट, आठवड्याने एका विद्यार्थ्याचे वडील संध्याकाळी आले. बराच वेळ पोराच्या अभ्यासाविषयी बोलले. उठताना दारात थांबून म्हणाले, "सर, माह्या लहान भावाचं तुमच्यासारखंच हाय. विहिरीत पडला होता, बारा वर्सं झाले. थैलीत कधी कधी लाल दिसते. आम्ही म्हणलं, उन्हाळी असन."

त्या रात्री दादाचा मला फोन आला. "तू लिहितं नं त्या अंकात? मंग हे लिही. माह्यावानी किती लोक शाल पांघरून बसले असतीन, कोणाले मालूम?"

म्हणून लिहिले. ज्यांच्या घरी, शेजारी, नात्यात असा कोणी असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. लघवीत रक्त दिसले, एकदाच दिसले आणि थांबले, तरी डॉक्टरांना दाखवावे. वारंवार ताप येणे, नळी पुन्हापुन्हा तुंबणे, खडे पडणे, यांना नशिबाचे भोग समजू नये. पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारावे, पण लाजेखातर ते तोडू नये. आणि इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर अचानक डोके ठणकणे, चेहरा लाल होऊन घाम फुटणे याचा अर्थ पुष्कळदा मूत्राशय तुंबले आहे असा असतो. रक्तदाब भलताच चढतो. अशा वेळी रुग्णाला बसते करून आधी नळी कुठे मुडपली किंवा तुंबली आहे का ते पाहावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

ज्यांची समाधी आमच्या अमरावतीत आहे, त्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगावची घाण झाडली, आणि त्यात त्यांना कधी लाज वाटली नाही. आपल्याच देहाविषयी दोन शब्द डॉक्टरांशी बोलायला आपण का लाजावे?

दादाचा तो घट्टा अजून तिथेच आहे. दर वर्षी दुर्बिणीची तारीख जवळ आली की वहिनींची झोप उडते, दादा जुनी गणिते काढून बसतो. यंदाचा अहवालही चांगला आला. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी.

लेख पुरा करून सौभाग्यवतीला वाचायला दिला. ती मुकाट्याने वाचत राहिली. कढईतला एक अनारसा करपला तरी तिचे लक्ष नव्हते. शेवटी कागद खाली ठेवून म्हणाली, "ते धने-जिऱ्याच्या पाण्याचं राहू द्या हं. आमच्या माहेरी सगळे तेच करतात."

आणि मग थोडे थांबून, "दादांना फोन लावा बरं. विचारा, फराळाला कधी येताहेत?"